एवे लोक नाकाने बोलत नाहीत

माझी भाची घानातल्या हो शहरात निघालीय. तिथली भाषा एवे. हे कळायचा अवकाश, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन आदळला आणि "अगं, तुला जमणार का हे?" सुरू झालं. मजकूर असा: एवेतले निम्मे स्वर तोंडाने आणि निम्मे फक्त नाकाने काढतात, तिथल्या लोकांची नाकं रुंद म्हणून त्यांना ते जमतं, बाहेरच्याने शिकायचं तर आधी महिनाभर जलनेती करावी, सर्दी झाली की एवे माणूस मुका, आणि आपला अनुस्वार तो हाच.

"फक्त नाकाने" हे आधी घेते, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. तोंडाच्या छताला जीभ लावून मागे मागे नेलीत की कडक टाळू संपून मऊ टाळू लागतो. त्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. साधा 'आ' म्हणताना हा मऊ टाळू वर उचलला जातो, नाकाकडची वाट बंद होते आणि सगळी हवा तोंडातून येते. एवेतला अनुनासिक 'आँ' म्हणताना तो खाली येतो आणि नाकाचीही वाट उघडते. नाकाची'ही', म्हणजे तोंडाच्या जोडीला, लक्षात घ्या. तोंडाची वाट कोणी बंद करत नाही. पाटाला दुसरं दार उघडलं म्हणून पहिल्यातलं पाणी थांबत नाही.

आणि हे सांगायला परदेशी प्रयोगशाळाही नको. अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादातलं आठवं सूत्र आहे: मुखनासिकावचनोऽनुनासिकः. मुख आणि नासिका मिळून उच्चारला जातो तो अनुनासिक. पाणिनीने एवे ऐकली नव्हती, मान्य. पण मऊ टाळू पाणिनीच्या शलातुर गावात आणि हो शहरात वेगवेगळा नसतो. ऊठसूट "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" म्हणणाऱ्या ग्रुपवर हे एक सूत्र कोणाला आठवू नये?

तरी पटत नसेल तर नाक चिमटीत धरा. लांब 'आ' म्हणा: काही फरक नाही. आता 'आँ' म्हणा: आवाज कोंडल्यासारखा होतो, नाकपुड्या बोटांखाली थरथरतात, पण आवाज चालूच राहतो. आता ओठ मिटून 'म्म्म' म्हणा. लगेच बंद. फक्त नाकाने निघतो तो हा 'म्', आणि तो व्यंजन आहे. एवेतले अनुनासिक स्वरही खरोखर नुसत्या नाकाने निघत असते, तर चिमटीत तेही असेच गप्प झाले असते.

रुंद नाकाचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, घाणेरडा आहे. जे दार उघडतं-मिटतं ते घशाच्या वर, आत आहे. बाहेरून नाक चाफेकळी आहे की बसकं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. फ्रेंच, पोर्तुगीज, पोलिश या भाषांत अनुनासिक स्वर आहेत. हिंदीतलं 'हँसना' आणि 'चाँद' तर रोज कानावर पडतं. त्यांची नाकं कोणी मोजत नाही. आफ्रिका म्हटलं की मात्र पट्टी बाहेर येते. आणि ही पोरगी वर्षभर त्याच लोकांत राहणार आहे.

जलनेतीने नाक साफ होतं, उच्चार नाही. सर्दीने हे स्वर थोडे बिघडतात, तसे हिंदीवाल्यांचेही बिघडतात. मुकं कोणी होत नाही. "निम्मे" हेही उगाच. एवेत तोंडाचे स्वर साधारण सात. अनुनासिक किती, ते बोलीनुसार बदलतं. लिहिताना अनुनासिक स्वराच्या डोक्यावर नागमोडी रेघ देतात. ती सोडायची नसते: प्रेम करणे या अर्थाचं क्रियापद 'लॉँ' आहे, ते नुसतं 'लॉ' म्हटलं तर ते क्रियापद राहत नाही.

उरला अनुस्वार. इथे, नाइलाजाने, अर्धं खरं आहे. कोकणीत 'हांव', 'तूं' म्हणताना स्वर खरोखर अनुनासिक असतो, तेव्हा गोव्याच्या माणसाला एवेचा हा भाग सोपा जाईल. मराठीत तो उच्चार गेला म्हणून तर 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'नांव', 'कांहीं' यांवरचे टिंब काढले. 'आंबा', 'पंखा' यांतलं टिंब वेगळं: 'आंबा' म्हणताना ओठ मिटतात, म्हणजे तिथे सरळ 'म्' आहे. तो एवेच्या 'आँ'मध्ये घुसवलात तर तिथे नसलेलं व्यंजन ऐकू येईल.

भाचीला खरं अडणार आहे ते वेगळीकडेच, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ता नाही: सुरांची चढ-उतार, जिने शब्दाचा अर्थ पालटतो, आणि खुद्द 'एवे' या नावातला 'व', जो दात न लावता दोन्ही ओठ जवळ आणून, मधून हवा सोडत म्हणायचा असतो.