तापीत ट्राउट नाही, बरं झालं

मे महिन्यात हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाऊन आलो. पाणी असलं गार की दोन मिनिटांत पायाची बोटं बधिर. मासे धरायचा परवाना काढला, रॉड भाड्याने घेतला, चार तास उभा राहिलो. एक ट्राउट लागली असेल तर शपथ! तरी दिवस झकास गेला.

फोटो टाकल्या टाकल्या एका मित्राची सूचना आली, "आपल्या तापीत सोडा ना ट्राउट, पर्यटन वाढेल." अरे भाऊ, ट्राउट थंड पाण्यातला मासा, तिला वीस अंशांच्या आतलं वाहतं पाणी लागतं. आपल्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सकाळी सोडलेल्या ट्राउटचं संध्याकाळपर्यंत कालवण होईल, तेही बिनचुलीचं. आणि ती हिमाचलची तरी कुठे आहे? १९०० च्या आसपास इंग्रजांनी आपल्या शौकापायी ती काश्मिरात आणली, मग कुलूकडे. त्यांना त्यांच्या गावची नदी आठवत होती, एवढंच.

मला माझी आठवते. आत्याचं गाव तापीकाठी. सुट्टीत शेजारचे भोई काका आम्हा पोरांना न्यायचे. बांबूची काठी, तंगूसाची दोरी, आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचा भेंड. आमिष म्हणजे गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. आम्ही बडबडलो की काका हळूच म्हणायचे, "आवाज नको करू, तो ऐकस." भेंड आधी थरथरायचा, मग एकदम गडप. पहिल्यांदा लागला तो शिंगटा. हरखून मुठीत धरला आणि त्याने अंगठ्यात असा काटा मारला की रात्रभर ठणकत होता. आत्याने हळद लावली आणि त्याच शिंगट्याचा रस्सा वाढला. मरळ, वाम, झिंगे हे सगळं तेव्हाच ओळखीचं झालं. उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या. डांगर तिथेच गुडघ्यावर फोडून खायचं. आता वाळूच उरली नाही तर वाड्या कुठून येणार?

फिरायला काय कमी आहे आपल्याकडे? चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आणि ते जुनं देऊळ. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडले की अर्धा जिल्हा बघायला जातो, पण खरी मजा डिसेंबर-जानेवारीत जलाशयावर बदकं उतरतात तेव्हा. खाली प्रकाशा गावी गोमाई नदीचा संगम. सारंगखेड्याला दत्तजयंतीचा घोडेबाजार, तोही तापीकाठीच.

आणि आपण या काठांवर बांधतो काय? सेल्फी पॉइंट. एका धरणाजवळ बाग झाली होती. दोन वर्षांत झोपाळ्यांच्या साखळ्या गेल्या, बोटिंगच्या खिडकीला कुलूप, आणि सावलीला एक झाड नाही. आपल्या उन्हात झाड नसलेली बाग कोणाच्या डोक्यातून येते, देव जाणे.

हिमाचलातून काही उचलायचंच असेल तर मासा नको, शिस्त उचला. तिथे गळ टाकायला परवाना लागतो, आणि ट्राउटच्या विणीच्या काळात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बंदी असते. आपल्याकडे मासे विणीला निघतात पावसाळ्यात, आणि आपण तेव्हाच बंधाऱ्याखाली जाळी लावून पोटात गाबोळी असलेले चढणीचे मासे पोत्याने भरतो. वर विचारतो, नदीत मासे का नाहीत! महासीर तर तापीचा जुना रहिवासी. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात ५० वर्षांहून जास्त काळ त्याची पिल्लं तयार होताहेत, ती आणायला विमान लागत नाही. गळाला लागला की फोटो काढा आणि पाण्यात सोडा. परवान्याचे पैसे आणि वाटाड्याचं काम मात्र भोई-कोळ्यांच्या सोसायटीला द्या. पात्रातला डोह न् डोह त्यांना ठाऊक आहे. बाहेरचा ठेकेदार आणला तर पुन्हा झोपाळेच होणार.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मेहूणच्या बाजूला जातोय. ज्यांचा मासेमारीचा ठेका आहे त्यांना विचारून ठेवलंय. दोन काठ्या आहेत, तंगूस नवं घेतलंय, कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून. पहाटे साडेपाचला निघू. बडबडणाऱ्यांनी येऊ नये.