संज्याचा मुलगा 'श्रवणप्रधान' निघाला

परवा कॉलेज रोडच्या आमच्या कट्ट्यावर संज्याने मोबाइल पुढे केला. अकरावीतल्या मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन कुठल्याशा केंद्राने अहवाल दिला होता. रंगीत चकत्या, टक्केवाऱ्या आणि खाली ठळक अक्षरांत, 'आपला पाल्य श्रवणप्रधान आहे', म्हणजे ऐकूनच चांगलं शिकणारा. फी किती ते सांगेना, म्हणजे दणकून घेतली असणार.

"आता वाचायचा तगादा बंद. लेक्चरं रेकॉर्ड करायची आणि ऐकवायची."

"आणि भूमितीची आकृती? तीही ऐकवणार?" वैशाली शाळेत गणित शिकवते, ती सोडते का!

"अगं, प्रत्येक पोराचं वेगळं असतंच ना? तुमच्या ट्रेनिंगमध्येच सांगतात की."

हे तिला लागलं. सांगतात खरं. "आवड वेगळी असते, कोण नाही म्हणतंय? पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, हे दाखवायचं तर ऐकणारी आणि बघणारी, दोन्ही प्रकारची पोरं दोन्ही पद्धतींनी शिकवून सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायला हवी. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी असे प्रयोग धुंडाळले. नीट केलेले अगदी मोजके सापडले, आणि त्यातल्याही काहींनी उलटच कौल दिला. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोण कसं शिकतं याच्या अशा वर्गवाऱ्या, म्हणजे 'शिकण्याच्या शैलीं'ची मॉडेल्स मोजली, तर ७१ भरली. तुझ्या पोराला कितव्यात बसवलंय?"

मी मध्येच विचारलं, वेदपाठशाळेतली मुलं सगळं ऐकूनच पाठ करतात, मग ती झाडून सगळी श्रवणप्रधान जन्मतात की काय? संज्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खरी बाजी मारली ती निफाडच्या दौल्याने. त्याची द्राक्षाची बाग आहे. "नवीन गडी छाटणीला आला की त्याला तासभर भाषण दे, काही उपयोग नाही. हातात कात्री द्यायची, काडी धरून कुठला डोळा ठेवायचा ते दाखवायचं, आणि त्याने चार काड्या चुकीच्या कापल्या की ओरडायचं. तोच गडी बाजारभाव मात्र फोनवर ऐकून घेतो, त्याला काही काडी धरून दाखवावी लागत नाही. माणूस तोच ना भो?"

माझ्या मते वाद इथेच मिटला होता. विषय काय आहे त्यावर डोळे, कान की हात ते ठरतं, बोटाच्या ठशावर नाही. पण संज्या हटेना. "मग अभ्यास करायचा कसा, ते तरी सांगा."

वैशालीने २००६ चा रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी चारही सत्रं तो वाचतच काढली. काहींनी एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने बघितलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं लक्षात राहील अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

"म्हणजे घोकंपट्टीच!"

"पुस्तक उघडं ठेवून करतात ती घोकंपट्टी. पुस्तक मिटून त्याला कोऱ्या कागदावर लिहायला लाव. दोन दिवसांनी परत. मग आठवड्याने."

"तो नाही बसायचा गं. एकदा लावून बघितलं होतं, म्हणाला डोकं दुखतं. त्याला ऐकायलाच आवडतं."

"हां," दौल्या म्हणाला, "आता आलास मुद्द्यावर."