आऊटरला उभा उपदेश

"बेचाळीस मिनिटं," गार्डकाका म्हणाले. ना सलाम, ना "बरा झाला हो उपदेश". चर्चच्या पायरीवर मी घाम पुसत उभा, आणि हा माणूस वही उघडून माझ्यासमोर.

पाळकसाहेब सुटीवर गेले म्हणून मागच्या रविवारी माझी वर्णी लागली होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला: काही बी खडकाळ जमिनीवर पडून वाळतं, काही चांगल्या जमिनीत पडून पीक देतं. आठवडाभर रात्री जागून तीन मुद्दे काढले, तिन्ही 'प'वरून: पेरणी, पाषाण, पीक. (त्यासाठी खडकाला पाषाण म्हणावं लागलं, इलाज नव्हता.) मे महिना, निम्मी मंडळी दोन कूलरसमोर कोंबलेली, उरलेली निम्मी पंख्याखाली देवाच्या भरवशावर.

गार्डकाका पंधरा वर्षांपूर्वी मालगाडीवरून निवृत्त झाले. तेव्हापासून दर रविवारी ते उपदेश सुटल्याची आणि पोचल्याची वेळ लिहून ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्यांच्या मागच्या बाकावर बसतो मी. वाटायचं, वचनं टिपून घेतात.

"दहा बावीसला सुटली तुमची गाडी. साडेदहापर्यंत येकदम राईट टाईम. मंग मधात हिस्लॉप काहून आणला, बाबू?"

मी समजावलं. मुद्दा खडकाळ जमिनीचा. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, मिशनरी तर होतेच, पण दगडांचाही भारी नाद. इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा करत हिंडायचे. तेव्हा ओघानंच...

"लूप लाईन," काकांनी नोंदीवर बोट ठेवलं. "नऊ मिनिटं. तिकडं मेन लाईनवर पेरणारा बी घेऊन उभा बिचारा."

खरं सांगतो, हिस्लॉपचाच भाग मला सगळ्यात आवडला होता. १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना ते नदीत बुडून गेले, तेही सांगायचं होतं, पण मंडळींची दया येऊन गाळलं. या दयेची नोंद वहीत नाही.

"मंग मूळ ग्रीक. तुमाले येते ग्रीक?"

येत नाही. मोबाईलवर होतं.

"म्हणजे बिना लायसनची चालवली. अन् शेवटचे बारा मिनिटं तं गाडी आऊटरलेच उभी! 'शेवटी सांगायचं म्हणजे' तीनदा म्हणले तुमी. लोकं सामान काढून दरवाजात उभे, प्लॅटफॉर्म दिसून रायला, अन् सिग्नल काही भेटत नाही."

आता मात्र मला राग आला. म्हटलं, काका, बायबलातच आहे, त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता.

"हो न. अन् ऐकता ऐकता युतुख नावाचा पोरगा झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं त्याले जिवंत केलं अन् पुन्हा पहाटपर्यंत बोलला. तुमाले जिवंत करता येते का? येत असन तं बोला पहाटपर्यंत." वही मिटली. पुन्हा उघडली. "प्रभूनं तो दाखला सात वचनात सांगितला. मी मोजले."

"पुढे स्पष्टीकरणही दिलंय."

"ते सहा."

मग पोप आले. पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये म्हणाले होते की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोक झोपतात. मी म्हटलं, आपण प्रोटेस्टंट आहोत. "झोप सगळ्याइले सारखीच येते."

मग कवी नारायण वामन टिळक. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले, डब्यात भेटलेल्या एका साहेबानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत बाप्तिस्मा झाला. "तीन मुद्दे होते का तिथं? ग्रीक होतं? दोन माणसं गप्पा मारून रायले, बस." यात श्रेय साहेबाचं कमी आणि रेल्वेचं जास्त, असा काकांचा एकूण सूर होता.

हे सगळं बरोबर असेल. पण शास्त्रपाठ कोणता ते आठवडाभर आधी फळ्यावर लिहिलेलं असतं, वाचून येतं कोण? पुढच्या बाकावरचा तरुण संघ क्रिकेटचा स्कोअर बघणार, मागे महिला मंडळात घरी भिजत ठेवलेल्या सावजी मटणाची चर्चा, आणि उपदेश लांबल्याची तक्रार करणारे हेच लोक नंतर त्याच उन्हात, त्याच आवारात पाऊण तास गप्पा छाटणार. तिथं आऊटर नाही का लागत? बोलायला उभं राहणाऱ्यानंच तेवढं नेमकं असायचं, ऐकणाऱ्याला मात्र कसलं म्हणून बंधन नाही. शिवाय मला यातला छदाम मिळत नाही. घसा बसला तो वेगळाच.

घरी येऊन बायकोला विचारलं, तुला काय लक्षात राहिलं? तिनं कणीक मळता मळता विचार केला. "हिस्लॉपवर होता नं?"

मी दुपारी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण बोललो नाही.

गुरुवारी आमच्याकडे घरप्रार्थना होती. शेवटची प्रार्थना गार्डकाकांना सांगितली, मीच सुचवलं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आजारी लोक, परीक्षेची पोरं, सरकार, पाऊस, पेन्शनचा थकलेला फरक, मग पुन्हा आजारी लोक, कारण एक नाव राहिलं होतं. स्वयंपाकघरात रस्सा गार होत होता. "शेवटी, हे प्रभू," असं दोनदा झालं. मी डोळे मिटले नव्हते.

एकोणीस मिनिटं, बावीस सेकंद. सोमवारीच वही आणून ठेवली होती.