आगीपलीकडचा धोका

तुमच्याकडे आलेल्या पेट्रोल पंपांवरच्या लेखात आगीच्या धोक्याबद्दल छान लिहिलंय, पण पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचा विषय एका ओळीत उरकला, ते खटकलं. आग लागली तर निदान दिसते तरी. टाकीच्या सांध्यातून किंवा पाइपातून थेंब थेंब झिरपणारं पेट्रोल मात्र शेजारच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला की मगच कळतं. आपल्याकडे महाराष्ट्रात बऱ्याच भागात खाली काळा कातळ. पाणी त्याच्या भेगांतून वाहतं, त्यामुळे गळती कुठून कुठे पोचेल याचा पत्ता लागणं कठीण. आणि पेट्रोलमधलं बेंझीन कॅन्सरला कारण ठरतं हे सिद्ध झालेलं आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या जानेवारीत नवीन पंपांसाठी नियम केले: शाळा, १० किंवा जास्त खाटांची रुग्णालयं आणि निवासी भाग यांच्यापासून ५० मीटर अंतर, जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. जुन्या पंपांचं काय? भोवती वस्ती नंतर वाढली असली तरी तिथली मुलं पेट्रोलची वाफ मिसळलेली तीच हवा घेतात ना!

सगळ्यात जास्त वाफ जाते ती तिथे उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत. नोझल आपोआप बंद झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणून आपण आणखी भरायला लावतो, गाडीची टाकी काठोकाठ होते, पेट्रोल सांडतं. कृपा करून हे थांबवा. आणि पंपाजवळ बोअर असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.