रजई पाच किलोचीच हवी, हे खरं नाही

दिवाळी सरली आणि पहाटे अंग आखडायला लागलं की मराठवाड्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रजईच्या खरेदीबद्दलचा एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे. रजई जितकी जड तितकी उबदार, म्हणून डबल बेडच्या रजईत किमान ५ किलो भरण हवंच. रजईत भरतात ते मायक्रोफायबर म्हणजे प्लॅस्टिक, त्याचं विष झोपेत अंगात भिनतं. रजई पलंगाच्या मापाची घ्यावी. कापसाची रजई उन्हात टाकली की कापूस जळतो, म्हणून ती डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवावी. आणि तान्ह्या बाळाला घरातल्या सगळ्यात जाड रजईत गुंडाळून झोपवावं. यातलं थोडं अर्धवट खरं आहे, बरंच चूक आहे आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे. लोक या भरवशावर चांगले दोन-तीन हजार घालवून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळी गफलत वजनापासून सुरू होते. ऊब असते आपल्या अंगाची. रजई फक्त तिला बाहेर पळू देत नाही. हे काम मुख्यतः करते ती कापसाच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा. जागची न हलणारी हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते, कापसाचा तंतू स्वतः तिच्यापेक्षा लवकर जाऊ देतो. त्यामुळे रजई जाड हवी हे बरोबरच आहे, पण जाड म्हणजे फुगलेली. त्याच खोळीत आणखी दोन किलो रुई कोंबली की तंतू एकमेकांवर दाबले जातात, हवेला जागा कमी पडते. वजन वाढतं, ऊब त्या मानाने वाढत नाही. आणि याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. पाच-सात हिवाळे पांघरलेली रजई हाताला थापीसारखी लागते, पहाटे गार पडते. तीच पिंजून आणली की पुन्हा ऊब धरते. कापूस तोच, वजनही जवळपास तेच. बदलली ती फक्त आत मावणारी हवा.

परभणीत आमच्या भागात पिंजून देणारं एक दुकान आहे, तिथे हे डोळ्यांनी दिसतं. चाचा आधी जुन्या रजईची शिवण उसवतात. आतून पिवळट पडलेल्या कापसाच्या वड्या निघतात. त्या हाताने फोडून मशीनच्या दात्यांत सोडल्या की आधी धुरळा आणि सरकीची टरफलं उडतात, आणि मग दुसऱ्या बाजूने पांढरा कापूस वर येत येत गुडघ्याएवढा ढीग होतो. तो खोळीत पसरून वरून छडीने हलके हलके झोडायचा, म्हणजे कोपऱ्यापर्यंत सारखा बसतो. मग लांब सुई आणि जाड दोरा घेऊन टाके. टाके विरळ पडले तर महिन्याभरात कापूस पायाशी जमा होतो आणि छातीवर नुसतं कापड उरतं, म्हणून त्या कामात ते घाई करत नाहीत. “चाचा, अजून किलोभर घाला की,” असं कुणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं: “ताई, एवढ्यात रजई होते. अजून घातला तर गादी होईल, पांघरता यायची नाही.” ज्यांचं पोट कापूस विकण्यावर आहे ते कमी भरा म्हणतात, आणि तो मजकूर जास्त भरा म्हणतो. मी चाचांचं ऐकते. जयपुरी रजईचं नाव देशभर झालं तेही तिच्या हलकेपणामुळेच. बारीक पिंजलेला थोडासाच कापूस, पण सगळीकडे सारखा.

ऑनलाइन घेणाऱ्यांची फसगत ‘जीएसएम’ या आकड्याने होते. तो एका चौरस मीटरमध्ये किती ग्रॅम भरण आहे ते सांगतो, रजई किती उबदार आहे ते नाही. ९० बाय १०० इंचाच्या रजईचं क्षेत्रफळ साधारण ५.८ चौरस मीटर, म्हणजे २०० जीएसएमच्या रजईत जेमतेम सव्वा किलो भरण आणि ३०० मध्ये पावणेदोन. त्याच मापात ५ किलो भरायचे तर आकडा साडेआठशेच्या वर जातो. वेगवेगळ्या भरणांची तुलना या आकड्यावर करताच येत नाही. ब्रिटनमध्ये रजईवर ‘टॉग’ नावाचा आकडा छापतात, तो मात्र खरोखर ऊब धरून ठेवण्याचं माप आहे: उन्हाळी रजई ४.५ च्या आसपास, कडक हिवाळ्याची १३.५. आपल्याकडच्या बहुतेक रजयांवर तो नसतो, तेव्हा हातच वापरायचा. दुकानात रजईची चौपदरी घडी करा, तळव्याने दाबा आणि सोडा. लगेच वर आली तर आत हवा आहे. मग दिव्यासमोर धरा, विरळ पट्टे दिसले तर ठेवून द्या. चिमटीत गाठी लागल्या किंवा शिवणीतून रंगीत चिंध्यांचे धागे डोकावले तर आत जुन्या कपड्यांचा भुगा आहे, रुई नाही.

आता आपली रात्र. हा मजकूर कुठल्या गावच्या थंडीसाठी लिहिलाय कोण जाणे, मराठवाड्याची थंडी तशी नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-३० अंश असतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खोली कोमट ठेवतो. मग पारा उतरत जातो आणि पहाटे १०-१२ वर येतो. थंडीची लाट आली की परभणीला कृषी विद्यापीठाच्या परिसरात तो ५ अंशांच्या आसपास गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एका रात्रीत एवढा फरक, त्याला एकच पाच किलोची रजई काय पुरी पडणार? अकराला घाम फुटतो, बाराला ती लाथेने खाली जाते आणि चारला आपण घामेजलेल्या अंगाने कुडकुडत जागे होतो. अशा रात्रीला थर हवेत. झोपताना एक गोधडी, उशाशी घडी घातलेली हलकी, फुगीर रजई; पहाटे ती गोधडीवरच ओढून घ्यायची. दोन पांघरुणांच्या मध्येही हवा अडकते, तिचीही ऊब मिळते. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक टाचून वाकळी शिवल्या, त्यात हेच तत्त्व आहे. (रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी मात्र रजई घरीच ठेवावी. दवात कापूस भिजतो आणि गार होतो. तिथे घोंगडीच, लोकर बरीच ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही.)

मायक्रोफायबरच्या विषाचं काय? ते पॉलिस्टर असतं, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच, हे खरं आहे. पण कोरड्या पांघरुणातून ते कातडीत भिनतं, याला काही आधार नाही. त्याचे खरे दोष वेगळे आहेत आणि मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे ज्याला झोपेत घाम येतो त्याला ते चिकचिक वाटतं. आगीत ते वितळून कातडीला चिकटतं, म्हणून शेगडी किंवा शेकोटीजवळ ते पांघरून बसू नका. उलट हलकं, घरी धुता येणारं, लवकर वाळणारं पांघरूण ज्यांना हवं आहे, विशेषतः ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी ते खुशाल घ्यावं, वर सुती खोळ घालावी. अशा घरातल्या बाईला उगाच विषाची भीती घालणं मला अन्यायाचं वाटतं.

मापाचा मुद्दा लगेच संपतो. ६ बाय साडेसहा फुटांच्या पलंगावर तेवढीच रजई घेतली तर दोन माणसं आत शिरताच कडा वर उचलल्या जातात आणि दोघांच्या पाठी उघड्या पडतात. दोन्ही बाजूंना निदान ९ इंच जास्त हवेत. नवरा-बायकोपैकी एकाला उकडत असेल तर सरळ दोन सिंगल घ्या.

उन्हाबद्दलचा दावा वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण ऊन ही आपल्याकडे फुकट मिळणारी, भरपूर गोष्ट आहे आणि कापसाच्या रजईला तेच हवं असतं. घाम आला नाही तरी रात्रभर अंगातून ओल निघतच असते. वर सांगितलेल्या साडेआठ टक्क्यांच्या हिशेबाने ३ किलोच्या रजईत पाव किलो पाणी मुरलेलं असू शकतं. गच्चीवर अकरा ते तीन टाका, मध्ये एकदा उलटा, चारच्या आत घडी करा. सांजेला राहिली तर पुन्हा ओल धरते. उन्हाने विटतो तो रजईवर घातलेल्या वरच्या खोळीचा रंग, म्हणून ती खोळ काढून मग रजई उन्हात टाका. पिंजलेल्या कापसाची रजई पाण्यात बुडवून धुऊ मात्र नका, गोळे होतात. धुवायची ती वरची खोळ. आणि डांबराच्या गोळ्या कशाला? कसर लागते ती लोकरीला. निव्वळ कापसाच्या रजईला पेटीत ठेवण्याआधीचं कडकडीत ऊन पुरेसं आहे.

गोळ्यांवर एवढं सांगायचं कारण बाळ आहे. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी६पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, आणि ते घरच्यांना माहीतही नसतं. नॅफ्थलीनच्या, म्हणजे डांबराच्या, गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत किंवा पांघरुणात अशा बाळाला गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, जबर कावीळ होऊ शकते. पेटीतून कपडे किंवा पांघरूण काढलं आणि थेट बाळाला घातलं, असं कधीही करू नका.

जाड रजईत गुंडाळण्याबद्दल तर वादाला जागाच नाही. वर्षाच्या आतलं बाळ तोंडावर आलेली रजई बाजूला सारू शकेलच असं नाही, त्याचा श्वास कोंडू शकतो. शिवाय फार उष्णता झाली तरी ते सांगू शकत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था या वयाच्या बाळाच्या झोपण्याच्या जागेत रजई, उशी, मऊ गाद्या-गिरद्या काहीही नको, असंच सांगते. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर झोपवा. त्या हवेत आपण जेवढे कपडे घालू त्याहून फार तर एक थर जास्त. गार पडलंय का ते हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथे कोमट असेल तर बाळ ठीक आहे, घामेजलं असेल तर एक थर काढा. तुमच्या भावकीच्या ग्रुपवर हा मजकूर आला आणि त्या घरात बाळंतीण असेल, तर खाली उत्तर लिहिण्यावर थांबू नका, तिला फोन करा.