जीपीएसचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला नको

‘जीपीएसचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावा, सिग्नल जोरदार मिळतो’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यात १० मीटर काठीची भर ती काय! उलट होडी डुलली की काठीचं टोक झोके घेतं आणि नांगर टाकलेल्या होडीचाही वेग पडद्यावर वरखाली नाचतो. अँटेना खाली कठड्यावर बसवा. वर आकाश मोकळं हवं आणि रडारच्या झोतात तो येऊ नये, एवढं पुरे.

गोंधळ बहुधा व्हीएचएफमुळे, म्हणजे होडीवरच्या बोलण्याच्या रेडिओमुळे, झाला असावा. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून तिथे उंची खरंच कामाची. केबल मात्र जाड घ्या. बारीक केबलमध्ये वर चढेपर्यंतच बरीच ताकद जिरते.