चार अक्षरांवरून दहावीनंतरची शाखा ठरत नाही

दहावीचा निकाल जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. जगात माणसांचे फक्त १६ प्रकार आहेत. दहा मिनिटांची ऑनलाइन चाचणी दिली की मुलाचा प्रकार चार इंग्रजी अक्षरांत कळतो. हा मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा शोध, म्हणून शास्त्रीय. प्रकार जन्मजात असतो, बदलत नाही. मोठ्या कंपन्या याच चाचणीवर माणसं निवडतात. अहवाल तंतोतंत जुळतो, हाच त्याचा पुरावा. तेव्हा सायन्स, कॉमर्स की आर्ट्स हे यावरूनच ठरवा.

शेवटच्या सल्ल्यापायी मुलांची दोन वर्षं आणि पालकांचे बरेच पैसे वाया जाऊ शकतात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू.

‘हा युंग यांचा शोध आहे’

अर्धंच खरं. युंग यांचं प्रकारांवरचं पुस्तक १९२१ साली जर्मनमध्ये आलं. त्यात अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी आहे, विचार-भावना आणि संवेदन-अंतःप्रज्ञा या जोड्याही आहेत. प्रश्नावली मात्र नाही. त्यांची मांडणी मुख्यतः रुग्णांच्या आणि परिचितांच्या निरीक्षणावर उभी होती. शिवाय धड अंतर्मुख नाहीत की बहिर्मुख नाहीत अशा मधल्या माणसांचा गट सर्वांत मोठा असतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपर्यंत ते वाक्य पोहोचलेलंच नाही.

चाचणी केली ती अमेरिकेतल्या मायलेकींनी. कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) या चाचणीचं काम सुरू केलं. चौथी जोडी, म्हणजे आखीवरेखीव वागणं की वेळेवर पाहून घेणं, ही त्यांनी जोडलेली भर. चारही जोड्यांतली एकेक बाजू घेऊन चार अक्षरं होतात आणि त्यांतूनच १६ प्रकार. आणि मोबाइलवर फुकट मिळणारी, रंगीत चित्रांची जी चाचणी बहुतेक मुलं देतात, ती एमबीटीआयसुद्धा नव्हे. तिचे प्रश्न वेगळे, तिला पाचवी पट्टीही, म्हणजे मोजण्याची आणखी एक जोडी, जोडलेली आहे. नाव युंग यांचं, अक्षरं मायर्स यांची आणि प्रश्न तिसऱ्याच कुणाचे, असा हा मामला आहे.

‘माणसांचे १६ प्रकार असतात’

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

‘प्रकार’ म्हणायचं तर दोन गट मुळातच वेगळे असायला हवेत आणि मध्ये फारसं कुणी नसायला हवं. तसं असेल तर हजारो लोकांचे बहिर्मुखतेचे गुण आलेखावर मांडल्यावर दोन उंचवटे आणि मध्ये खोलगट भाग दिसेल. प्रत्यक्षात उंचवटा एकच येतो आणि तोही मधोमध. दोन्ही टोकांना माणसं विरळ होत जातात. उंचीचं असंच असतं. सरासरी उंचीवर रेघ मारून वरच्यांना ‘उंच’ आणि खालच्यांना ‘बुटके’ म्हटलं, तर रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभी असलेली, सेंटीमीटरभराचा फरक असलेली दोन माणसं वेगळ्या जातीची ठरतील आणि एक फूट फरकाची दोन माणसं एकाच जातीची.

आता हे आकड्यांत पाहू. समजा गुणांची पट्टी अशी बसवली आहे की सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप, १०. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे गुण किती भरवशाचे हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, ०.८४, म्हणजे चांगलीच. मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, काढायची तर १ मधून विश्वसनीयता वजा करायची, उरलेल्याचं वर्गमूळ काढायचं आणि प्रमाण विचलनाने गुणायचं. १ उणे ०.८४ म्हणजे ०.१६, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले १० म्हणजे ४. एखाद्या मुलीला ५२ गुण मिळाले, तर दोन्ही बाजूंना त्रुटीच्या दुप्पट, म्हणजे ८ गुण धरून, तिचा खरा गुण ९५ टक्के खात्रीने ४४ ते ६० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे ५० च्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगताच येत नाही. अहवालात मात्र ठळक अक्षरांत ‘बहिर्मुख’ छापून येतं. तो ५२ आणि त्याची त्रुटी या दोन्ही गोष्टी अहवालातून गायब झालेल्या असतात.

त्यातून अक्षरं चार. दुसऱ्यांदा चाचणी दिल्यावर एक अक्षर तेच राहण्याची शक्यता ८५ टक्के धरली, तरी चारही अक्षरं तीच राहण्याची शक्यता ०.८५ चारदा गुणून ०.५२ भरते. म्हणजे शंभरातल्या ४८ मुलांचा ‘प्रकार’ बदलणार. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. पाच आठवड्यांच्या अंतराने चाचणी पुन्हा दिल्यावर काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदललेला आढळला आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. एमबीटीआयचे सलग गुण घेतले, अक्षरं बाजूला ठेवली, तर ती चाचणी अगदी टाकाऊ नाही. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये तिच्या चार पट्ट्या आजच्या प्रचलित पंचघटक प्रारूपाशी, म्हणजे स्वभाव पाच घटकांवर मोजणाऱ्या मांडणीशी, ताडून पाहिल्या. पहिल्या दोन पट्ट्यांचा बहिर्मुखतेशी आणि अनुभवांबद्दलच्या खुलेपणाशी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.७ च्या आसपास आला. उरलेल्या दोन पट्ट्यांचा सौहार्दाशी आणि कर्तव्यदक्षतेशी ०.४५ च्या आसपास. स्वतंत्र प्रकार असल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि पाचवा घटक, भावनिक अस्थिरता, त्या चाचणीत नाहीच. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला झोप लागत नाही, एका कमी मार्कावर आठवडाभर घास उतरत नाही, हे सगळं त्या घटकात येतं. दहावीच्या पालकाने आधी विचारावी अशी गोष्ट या १६ खणांपैकी एकातही बसत नाही.

हे पाच घटक कुठून आले? कुणा एकाच्या सिद्धांतातून नव्हे. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. माणसांमधले महत्त्वाचे फरक भाषेत उतरलेले असणारच, हे त्यामागचं गृहीतक. पुढे कॅटेल यांनी यादी छाटत आणली, लोकांकडून एकमेकांचं मूल्यमापन करून घेतलं आणि घटक विश्लेषण, म्हणजे सोबत बदलणारे गुण एका गटात आणणारी गणिती पद्धत, वापरलं. १९६१ मध्ये ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना अमेरिकी हवाई दलाच्या माहितीत पाचच घटक पुन्हा पुन्हा सापडले. हे प्रारूपही सगळीकडे सारखं चालत नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजात ते नीट उभं राहिलं नाही, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. पण ते चुकतं कुठे, हे तपासता येतं आणि तपासलं जातं. संशोधनाकडून अपेक्षा असते ती एवढीच.

‘अहवाल तंतोतंत जुळतो’

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन दिलं. ते कितपत जुळतं, हे ० ते ५ मध्ये सांगायचं होतं. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि त्यातली वाक्यं बरीचशी बाजारात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. ‘इतरांनी तुमची कदर करावी अशी तुमची इच्छा असते, पण तुम्ही स्वतःवर फार टीका करता’ या धाटणीची. नाही म्हणणारा माणूस विरळा.

कॉलेजच्या वर्गात हे पडताळून पाहणं सोपं आहे. सगळ्यांचे अहवाल छापून घ्या. नाव, चार अक्षरं, चित्रं आणि मुलगा-मुलगी कळेल असे शब्द खोडा. प्रत्येकाला तीन अहवाल द्या: एक त्याचा, दोन वेगळ्या प्रकारांचे. आपला ओळखायला सांगा. चाळीस जणांत नुसत्या अंदाजाने तेराएक जणांचं बरोबर येईलच, त्याहून बरेच जास्त आले तरच काही अर्थ. इथे एक खोच आहे. अहवालात प्रश्नावलीतलीच वाक्यं फिरवून लिहिलेली असतील, तर मुलं स्वतःची उत्तरं आठवून अहवाल ओळखतात. ‘मला गर्दी आवडत नाही’ असं तुम्ही सांगितलं आणि ‘तुम्हाला गर्दी आवडत नाही’ असं उत्तर आलं, तर ते जुळणारच. त्यात नवं काही कळलेलं नसतं. म्हणून चाचणी आणि ओळखपरेड यांत निदान महिन्याचं अंतर ठेवावं.

‘प्रकार जन्मजात असतो, बदलत नाही’

जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यक्तिमत्त्वातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असतो. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे. तुमच्या मुलाचा अर्धा स्वभाव रक्तातून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. बदलाचं म्हणाल तर २००६ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच माणसांवर केलेले ९२ अभ्यास एकत्र केले. कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थिरता विशेषतः विशी ते चाळिशीत वाढत जाते, असं दिसलं. किशोरवयाच्या सुरुवातीला कर्तव्यदक्षता खाली येते आणि मग चढू लागते, हेही मोठ्या नमुन्यांत दिसलं आहे. म्हणजे आपण नेमक्या हलत्या वयात शिक्का मारतो आहोत.

‘कंपन्या यावर माणसं निवडतात’

कंपन्या ही चाचणी प्रशिक्षणात, संघबांधणीच्या कार्यशाळांत वापरतात. नोकरीसाठी निवड करताना ती वापरू नये, असं तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. बाकी, एखादी वस्तू खपते म्हणून ती अचूक ठरत नाही.

‘शाखा यावरून ठरवा’

चांगल्या चाचणीतूनही किती कळतं ते पाहा. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून व्यक्तिमत्त्व आणि कामातली कामगिरी यांचा संबंध तपासला. जवळपास सर्व व्यवसायांत उपयोगी ठरला तो घटक कर्तव्यदक्षता, आणि त्याचा सहसंबंध सुमारे ०.२२. याचा वर्ग केला की जवळपास ५ टक्के येतात, म्हणजे कामगिरीतल्या फरकांपैकी एवढाच भाग त्यातून कळतो. शंभर उमेदवार निवडणाऱ्याला एवढाही फायदा पुष्कळ. पण एका मुलीने बारावीला गणित घ्यावं की इतिहास, हे सांगायला तो अगदीच तोकडा आहे.

शाखेसाठी आधी विषयवार मार्कांचा तीन-चार वर्षांचा कल पाहा. मग अभिक्षमता (ॲप्टिट्यूड) चाचणी, त्यानंतर आवडींची प्रश्नावली. व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायचीच तर शेवटी आणि गप्पांना विषय म्हणून. समुपदेशकाला पैसे देण्याआधी चाचणीची पुस्तिका मागा आणि तीत चार गोष्टी शोधा.

मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते सरासरी आकडे, कुणावर बसवली आहेत? अमेरिकी प्रौढांच्या सरासरीशी साताऱ्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाची तुलना होत असेल, तर शतमान (शंभरात किती जण त्याच्या खाली आहेत ते) निरर्थक. प्रत्येक पट्टीची विश्वसनीयता किती? ०.७ च्या खाली असेल तर एकट्या मुलाबद्दल निष्कर्ष काढू नये. मराठी भाषांतर कसं झालं? एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी पाठ ताडायचे आणि मराठी मुलांवर आकडे पुन्हा काढायचे, ही रीत आहे. नुसतं शब्दाला शब्द ठेवून चालत नाही.

चौथी गोष्ट उलट प्रश्नांची. समजा दहा विधानं आहेत, उत्तर १ (अजिबात नाही) ते ५ (पूर्णपणे हो) मध्ये. दहाही विधानं ‘मी अनोळखी लोकांशी आपणहून बोलतो’ अशा एकाच दिशेची असतील, तर सगळ्याला ‘हो, साधारण’ म्हणून ४ देणाऱ्या भिडस्त मुलाला ४० गुण मिळून तो बहिर्मुख ठरतो. त्यातली पाच ‘चारचौघांत मी गप्प राहतो’ अशी उलटी असतील, तर त्यांचे गुण ६ मधून वजा करून धरतात. पाच चोक वीस, अधिक पाच दुणे दहा, एकूण ३०, म्हणजे बरोबर मध्य. २३ अल्प व मध्यम उत्पन्न देशांतल्या पंचघटक प्रश्नावल्यांची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हा होकाराचा कल मोठी अडचण म्हणून पुढे आला. मोठ्यांसमोर नाही म्हणायचं नाही, अशा वळणात वाढलेल्या मुलांच्या बाबतीत तर याकडे डोळेझाक करून चालणारच नाही. शिवाय आई-बाबा शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवत असतील, तर उत्तरं मुलाची राहत नाहीत. पेपर मुलाला एकट्याला सोडवू द्या. मराठी आणि इंग्रजी यांपैकी ज्या भाषेत तो रोज वाचतो, तीच भाषा ठेवा. आणि अहवालात गुणांसोबत त्रुटीचा पट्टा दाखवलेला नसेल, तर तो आधी मागून घ्या.